तीन सर्व्हर, एक स्विच आणि सहा लाख रुपये

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत संगणक विभाग एकट्याने सांभाळणाऱ्या वाचकाने हे पत्र लिहिले आहे. कारखान्यात दोन जुने सर्व्हर आहेत. त्यांवर व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरच्या आधाराने ११ व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात चालणारे स्वतंत्र आभासी संगणक) चालतात आणि त्यांपैकी ७ विंडोजची आहेत. ईआरपी (बिलांसह कारखान्याचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर) व त्याचा डेटाबेस, लेखा विभागाचे सॉफ्टवेअर, हजेरी, प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोमीटरच्या नोंदी आणि पॅटर्नची ड्रॉइंग व सिम्युलेशनच्या फायली ठेवणारा सुमारे ५ टीबीचा फाइल सर्व्हर असा हा पसारा आहे. परवान्याचा खर्च आता वार्षिक वर्गणीवर गेल्यामुळे त्यांनी त्याच कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरकडे, प्रॉक्समॉक्सकडे, वळायचे ठरवले आहे. मालकांनी ६ लाख रुपये मंजूर केले आहेत, पण 'एकदाच काय ते घे, पाच वर्षे परत मागायला येऊ नकोस' या अटीवर. वाचकाचा बेत असा आहे: प्रत्येकी दोन प्रोसेसर, २८ कोअर आणि १२८ जीबी मेमरी असलेले तीन वापरलेले सर्व्हर घ्यायचे, प्रत्येकात २ टीबीच्या चार साध्या एसएसडी बसवायच्या, हाताशी असलेल्या १ गिगाबिटच्या स्विचने ते जोडायचे आणि त्यांवर सेफ, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या डिस्क मिळून एक सामायिक साठा करणारे सॉफ्टवेअर, चालवायचे. सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवत असल्याने वेगळा बॅकअप पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल, असे त्यांना वाटते. प्रोसेसर कोणता घ्यावा, १० गिगाबिटची खरोखर गरज आहे का आणि ईसीसी (चुकलेला बिट स्वतः दुरुस्त करणाऱ्या) मेमरीवाचून भागेल का, हे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेऊन पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. तेव्हापासून तुमच्यासारख्या मध्यम कारखान्यांतील कितीतरी माणसे याच वळणावर उभी आहेत. तुम्ही घाईने वर्गणी न भरता पर्यायांचा अभ्यास केलात, आकडे मांडलेत आणि खरेदीच्या आधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. तरीही तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरे देण्याआधी मला थोडे मागे जावे लागेल, कारण यंत्रे निवडण्यासाठी ज्या दोन आकड्यांची सर्वांत जास्त गरज असते तेच तुमच्या पत्रात नाहीत.

पहिला आकडा म्हणजे प्रत्येक काम जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिले तर चालेल, आणि दुसरा म्हणजे बिघाड झाल्यावर किती मिनिटांची माहिती गमावणे सोसेल. हे दोन्ही आकडे तुम्ही एकट्याने ठरवू नयेत. ज्या त्या विभागात जाऊन विचारावेत आणि उत्तर वहीत लिहून घ्यावे. तुमच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरचे आकडे दोन तास कागदावर, हीट नंबरापुढे लिहून ठेवता येतील आणि नंतर भरता येतील. हजेरीचे यंत्र बहुधा स्वतःच्या मेमरीत काही दिवसांच्या नोंदी राखून ठेवते. पण संध्याकाळी माल भरलेला ट्रक गेटवर उभा असताना ईआरपीमधून बिल निघाले नाही, तर तिथे दहा मिनिटेही जड जातात. असे विचारत गेलात की ११ मशीनपैकी बहुधा दोन किंवा तीनच खरोखर नाजूक असल्याचे दिसेल. उरलेल्यांसाठी अर्ध्या दिवसात पूर्ववत होण्याची सोय पुरेशी असते. एवढे कळल्यावर खरेदीची यादी बदलते.

तुमच्या बेतामागे एक गृहीतक आहे: क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांचा गट) उभारला म्हणजे काम थांबणारच नाही. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरमधील एखादा सर्व्हर अचानक बंद पडला, तर त्यावरची मशीन दुसऱ्या सर्व्हरवर नव्याने सुरू होतात. बिघाड झाला आहे याची खात्री पटणे, बंद पडलेले यंत्र खरोखर अलग झाले आहे हे ठरणे आणि मग मशीन सुरू होणे, या साऱ्याला साधारण दोन मिनिटे लागतात. त्यानंतर विंडोज उभे राहणे आणि डेटाबेसने आपली अर्धवट कामे निस्तरणे आलेच. ही सोय उत्तमच आहे, परंतु वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती वीज जाऊन येण्यासारखी आहे. पडद्यावर अर्धवट भरलेले बिल त्यातून वाचत नाही.

दुसरे गृहीतक मला अधिक काळजीचे वाटते. सेफच्या तीन प्रती आणि बॅकअप या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी चुकून ड्रॉइंगचे फोल्डर पुसले, किंवा खंडणीखोर व्हायरसने फाइल सर्व्हरवरील सर्व फायली कुलूपबंद केल्या, तर तो बदल तिन्ही प्रतींवर त्याच क्षणी आणि तितक्याच निष्ठेने लिहिला जातो. शिवाय एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याकडून घेतलेल्या डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतील असे समजणेही सुरक्षित नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने जाहीर केले होते की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधील (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधील) दोषामुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आसपास, कायमच्या बंद पडतील. एकाच वेळी सुरू केलेल्या अशा चार डिस्क काही मिनिटांच्या अंतराने गेल्या असत्या आणि मग कितीही प्रती असल्या तरी त्यांचा उपयोग झाला नसता. म्हणून 'बॅकअप पुढच्या वर्षी' हे वाक्य तुम्ही आजच्या आज खोडावे. ६ लाखांतला पहिला रुपया बॅकअपवर जावा आणि उरलेल्यांतून सर्व्हर यावेत.

आता तुमच्या मांडणीचा हिशोब करून पाहू, कारण तो बऱ्याच वाचकांचा चुकतो. तीन सर्व्हर, प्रत्येकात २ टीबीच्या चार डिस्क, म्हणजे एकूण २४ टीबी. तीन प्रती ठेवल्यावर उरतात ८ टीबी. सेफ ८५ टक्के भरल्यावर इशारा देऊ लागते आणि ९५ टक्क्यांना लिहिणे थांबवते, तेव्हा ६.८ टीबीपर्यंत वापर सुरक्षित आहे असे वाटते. तुमच्या फायली ५ टीबी आणि मशीनच्या डिस्क दीड टीबी, मिळून साडेसहा. कागदावर बसते. परंतु तीन सर्व्हर आणि तीन प्रती असताना प्रत्येक सर्व्हरवर साऱ्या माहितीची एक पूर्ण प्रत असते. त्यातल्या एका सर्व्हरमधील एक डिस्क गेली, की सेफ तिच्यावरची माहिती त्याच सर्व्हरमधील उरलेल्या तीन डिस्कवर पुन्हा मांडू पाहते. साडेसहा टीबी माहिती आणि जागा ६ टीबी! एक साधी डिस्क बिघडताच क्लस्टर 'जागा भरली' अशी तक्रार करू लागेल, आणि तुम्ही तीन सर्व्हर घेतले होते ते नेमके असे होऊ नये म्हणून. चार डिस्कच्या मांडणीत एक डिस्क जाण्याची सोय धरली, तर प्रत्यक्षात सुमारे ५ टीबीच वापरता येतात. ज्यांना तीन सर्व्हरांवर सेफ चालवायचे आहे त्यांनी हा हिशोब आधी करावा आणि जमल्यास मोजक्या मोठ्या डिस्कऐवजी जास्त संख्येने लहान डिस्क घ्याव्यात. एखादा सर्व्हर पूर्ण गेला तर त्याची प्रत दुसरीकडे मांडायला चौथा सर्व्हरच नसतो, आणि तो परत येईपर्यंत तुम्ही दोन प्रतींवर चालता. त्या काळात दुसरीकडची एक डिस्क गेली, की तिच्यावरील भागाचे लिहिणे-वाचणे सेफ स्वतःहून थांबवते.

१० गिगाबिटबद्दल तुम्ही विचारले आहे. सेफसाठी ते हवेच, याबाबत माझ्या मनात शंका नाही. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर ११० ते ११५ एमबी जातात, म्हणजे एका जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. त्याच तारेतून प्रत्येक लिखाणाच्या दोन प्रती शेजारच्या सर्व्हरकडे जाणार, वाचनाचा बराचसा भाग येणार आणि वापरणाऱ्यांची वर्दळही असणार. ४ टीबी माहिती पुन्हा मांडायची वेळ आली, तर तारेवर दुसरे काहीही चालू नाही असे धरले तरी दहा तास लागतील. १० गिगाबिटवर तेच काम, डिस्कनी साथ दिली तर, तासाभरात उरकते. तीनच यंत्रे असतील तर यासाठी महागडा स्विच लागतोच असे नाही. प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन तोंडांचे १० किंवा २५ गिगाबिटचे कार्ड बसवून तीन तांब्याच्या केबलनी प्रत्येक यंत्र उरलेल्या दोघांशी थेट जोडता येते. एकाच रॅकमध्ये ही मांडणी स्वस्त आणि भरवशाची ठरते.

स्विचवरून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी तीन सर्व्हरांचा क्लस्टर उभा केला होता. डिस्क चांगल्या होत्या, प्रत्येक सर्व्हरला दोन वीजपुरवठा संच होते, पण तिन्ही यंत्रे एकाच स्विचला जोडलेली होती. एका दुपारी तो स्विच गोठला. तिन्ही सर्व्हर धडधाकट होते, परंतु एकमेकांचा आवाज त्यांना ऐकू येईना. बहुमत कोणाकडेच उरले नाही आणि राखीव सोयीच्या नियमानुसार तिघांनीही स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केले. दीड तास सारे काम ठप्प होते. क्लस्टरमधील यंत्रे कोरोसिंक नावाच्या सेवेमार्फत एकमेकांची खबर घेत असतात. त्या संवादाला फार रुंद तार लागत नाही, मात्र तो उशीर झालेला सहन करत नाही. त्यामुळे या खबरबातीसाठी एक वेगळी तार आणि ती तुटली तर दुसरी, एवढे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी आग्रहाने करून घेतो. तुमचा १ गिगाबिटचा स्विच या कामाला उत्तम आहे.

आता एसएसडी. तुमच्या यादीतील सर्वांत मोठी चूक मला इथे दिसते, आणि ती स्वाभाविक आहे, कारण जाहिरातीत दिसणारे वेगाचे आकडे साध्या आणि सर्व्हरच्या एसएसडीत सारखेच असतात. फरक दुसरीकडे असतो. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर डिस्कला विचारतो, 'लिहिलेस ना?', आणि होकार येईपर्यंत थांबून राहतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीवर छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हाती असलेली माहिती चिपमध्ये उतरवण्याइतकी शक्ती त्यांत साठवलेली असते, म्हणून ती डिस्क ताबडतोब आणि खरेपणाने 'हो' म्हणू शकते. साध्या डिस्कला प्रत्येक वेळी माहिती चिपमध्ये पोहोचेपर्यंत थांबावे लागते, आणि अशा कामात तिचा वेग जाहिरातीतील आकड्याच्या शंभराव्या हिश्श्यावर येऊ शकतो. सेफ आणि झेडएफएस (एका सर्व्हरमधील डिस्क सांभाळणारी साठवण व्यवस्था) दोन्ही अशाच लिखाणावर उभे असल्यामुळे साध्या एसएसडीवर ती मंद वाटतात आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. झिजेचाही विचार करा. २ टीबीच्या चांगल्या साध्या एसएसडीवर साधारण १,२०० टीबी लिहिण्याची हमी असते, आणि चार बिटांच्या पेशी असलेल्या स्वस्त प्रकारांत ती त्याहून कमी असते. रोज एकदा पूर्ण भरता येईल अशा, पाच वर्षांच्या हमीच्या ३.८४ टीबी सर्व्हर एसएसडीवर ७,००० टीबी लिहिता येते. डिस्कची निवड करताना माहितीपत्रकात वीज जाण्यापासूनचे संरक्षण स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे का, हे आधी पाहा आणि वेग नंतर.

या साऱ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो तुम्ही पत्रात सहज लिहून गेलेला तपशील: विभागात तुम्ही एकटे आहात. सेफ ही अतिशय भक्कम व्यवस्था आहे. सांता क्रूझच्या विद्यापीठात सेज वाइल यांच्या संशोधनातून ती उभी राहिली आणि आज जगभर प्रचंड साठ्यांसाठी वापरली जाते. पण तिची तब्येत वाचायला सराव लागतो. तुम्ही गावी लग्नाला गेला असताना पिवळा इशारा लाल झाला, तर कारखान्यात तो कोण वाचणार? ज्या व्यवस्थेची कळ एकाच माणसाकडे आहे ती शक्य तितकी सोपी असावी, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर तीनाऐवजी दोनच सर्व्हर घेतले असते, पण चांगले. प्रत्येकात १६ कोअरचा एकच प्रोसेसर आणि १२८ जीबी ईसीसी मेमरी. तुमच्या ११ मशीनना मिळून ९० जीबी लागते असे तुम्ही लिहिले आहे. त्यात झेडएफएसच्या कॅशला १६ जीबी धरले, तरी दोघांपैकी कोणताही एक सर्व्हर सारा भार एकट्याने पेलू शकतो. प्रत्येकात ३.८४ टीबीच्या दोन सर्व्हर एसएसडी, एकीवर जे ते दुसरीवर, अशा आरसा पद्धतीने, डेटाबेस आणि मशीनच्या डिस्कसाठी. तुमच्या ५ टीबी फायलींतील बहुतेक ड्रॉइंग जुनी असतील आणि महिनोन्महिने कोणी उघडत नसेल, तेव्हा त्यांना एसएसडीवर ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी १२ टीबीच्या दोन हार्ड डिस्कचा आरसा पुरेल. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर न चढणाऱ्या) प्रकारची आहे याची खात्री करून घ्या. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरील फाइल-साठ्यासाठीच्या) 'रेड' मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांच्या) प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. अशा डिस्क आरशात किंवा रेडमध्ये (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्कच्या एकत्र संचात) पुन्हा भरताना असह्य मंदावतात. दोन्ही सर्व्हर १० गिगाबिटच्या केबलने थेट जोडावेत आणि झेडएफएसची प्रतिकृती एकाकडून दुसऱ्याकडे ठरावीक अंतराने जाऊ द्यावी.

दोन यंत्रांत एक अडचण असते. त्यांच्यातील संवाद तुटला तर कोण जिवंत आहे याचा निर्णय बहुमताने होऊ शकत नाही, आणि दोघांनीही स्वतःला खरे समजून तीच मशीन सुरू केली तर माहितीची वाट लागते. यासाठी तिसरे मत देणारे एक लहान यंत्र लागते. प्रॉक्समॉक्समध्ये त्याला क्यूडिव्हाइस म्हणतात. ते मत देण्यापलीकडे काही करत नसल्याने त्याला ताकद लागत नाही, आणि तुमचा बॅकअप सर्व्हरच ते काम करू शकतो. म्हणजे यंत्रे तीनच राहतात, फक्त तिसऱ्याचे काम बदलते.

या मांडणीची किंमतही सांगितली पाहिजे. झेडएफएसची प्रतिकृती त्या क्षणाची नसते. मूळ ठरावाप्रमाणे ती दर १५ मिनिटांनी जाते आणि ती दर मिनिटाला पाठवण्याइतकी जवळ आणता येते. सर्व्हर अचानक मेला तर शेवटच्या फेरीनंतरचे लिखाण जाते. तुमच्या ईआरपीच्या बाबतीत एका मिनिटाची बिले पुन्हा करावी लागणे सोसेल का, हे विचारायलाच मी सुरुवातीला वही घेऊन जायला सांगितले. उत्तर 'नाही' आले तर फक्त त्या डेटाबेससाठी त्याचीच स्वतःची, व्यवहारागणिक प्रत ठेवणारी सोय वापरता येते. त्यासाठी सारा कारखाना सेफवर नेण्याची गरज नाही.

प्रोसेसरच्या प्रश्नात तुमच्या नजरेतून निसटलेला खर्च विंडोजच्या परवान्यांचा आहे. कायमस्वरूपी परवान्याच्या नेहमीच्या पद्धतीत विंडोज सर्व्हर यंत्रातील प्रत्यक्ष कोअरवर मोजला जातो आणि प्रत्येक यंत्रासाठी किमान १६ कोअर धरावे लागतात. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व कोअरचा एक संच घेतला की दोन विंडोज मशीन चालवता येतात. ७ मशीन कोणत्याही सर्व्हरवर जाऊ शकतील अशी मोकळीक हवी असेल, तर प्रत्येक सर्व्हरसाठी चार संच लागतात. तुमच्या बेतात २८ कोअरचे चार संच, तीन सर्व्हरांसाठी, म्हणजे ३३६ कोअरचे परवाने. १६ कोअरच्या दोन सर्व्हरांना हाच आकडा १२८ होतो. जुन्या सर्व्हरांवर फुकटात मिळाल्यासारखे वाटणारे जादा कोअर असे महाग पडतात. खरेदीआधी परवाना विक्रेत्याकडून हा हिशोब लेखी घ्या. तसेच लेखा विभागाच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे कुलूप लागते असे तुम्ही लिहिले आहे. ते कुलूप ज्या सर्व्हरला लावलेले असेल त्याच्यासोबत ते मशीन बांधले जाते आणि क्लस्टरचा त्याला उपयोग होत नाही. ते कुलूप नेटवर्कवरून पुरवणारे छोटे उपकरण घ्यावे किंवा कंपनीकडे सॉफ्टवेअर परवान्याची मागणी करावी.

वापरलेले घ्यावे की नवे, याचे एकच उत्तर नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर चांगले वापरलेले सर्व्हर मिळतात, आणि चौथा सर्व्हर केवळ सुट्या भागांसाठी घेऊन ठेवण्याची तयारी असेल तर त्यांत वावगे काही नाही. मात्र इंटेलच्या झिऑन ई५ प्रोसेसरच्या दुसऱ्या पिढीचे, म्हणजे २०१३ च्या सुमाराचे, सर्व्हर आता टाळावेत. त्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ नावाच्या नव्या आज्ञा नाहीत, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची १० वी आवृत्ती त्या नसलेल्या यंत्रावर चालतच नाही. पाच वर्षांचा विचार करताना हे आड येईल. सुटा वापरलेला एएमडीचा एपिक प्रोसेसर घेत असाल तर तो एखाद्या उत्पादकाच्या बोर्डाशी कायमचा जखडलेला नाही ना, हे विचारून घ्या. काही कंपन्या सुरक्षेसाठी तशी व्यवस्था करतात आणि मग तो दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाही. विजेचाही हिशोब मांडा. तीन जुने सर्व्हर प्रत्येकी सरासरी २०० वॉट घेतात असे धरले तर वर्षाला ५,२५६ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी पाच वर्षांत अडीच लाखांहून अधिक, आणि वातानुकूलनाचा खर्च वेगळा. हे पैसे ६ लाखांच्या मंजुरीत दिसत नाहीत, पण मालकांच्या खिशातूनच जातात.

ईसीसी मेमरी घ्याच. मेमरीतला एक चुकलेला बिट झेडएफएस अतिशय काळजीपूर्वक, तपासणी-आकड्यासह, डिस्कवर जपून ठेवेल, आणि तो चुकलेला होता हे कधीच कळणार नाही. डीडीआर५ मधील चिपच्या आतली दुरुस्ती म्हणजे पूर्ण ईसीसी नव्हे. वापरलेल्या सर्व्हरमध्ये रेड कार्ड असेल तर ते डिस्क थेट दाखवणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या किंवा साधे एचबीए (डिस्क फक्त जोडून देणारे कार्ड) बसवा. झेडएफएसला आणि सेफला डिस्क आणि स्वतः यांच्यामध्ये कोणी तिसरा नको असतो.

तुमच्या जागेबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण त्या कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. फाउंड्रीतील हवेत लोखंडाची बारीक धूळ असते आणि ती वीजवाहक असते. सर्व्हरची खोली शॉपफ्लोअरपासून दूर, बंद दाराची आणि गाळणी लावलेली हवी. इंडक्शन फर्नेसमुळे विजेच्या लाटेत विकृती येते, म्हणून स्वस्त लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसऐवजी सतत इन्व्हर्टरमार्गे वीज देणारा ऑनलाइन प्रकार घ्या. बॅटरी संपत आल्यावर मशीन क्रमाने बंद व्हावीत यासाठी त्याची तार सर्व्हरला जोडून 'नट' हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. आणि पाणी: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. बॅकअप सर्व्हर दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि त्याची आणखी एक, कूटबद्ध केलेली प्रत नदीपासून दूर, दुसऱ्या गावात ठेवा. १०० मेगाबिटच्या इंटरनेटवरून ५ टीबी पाठवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात, म्हणून पहिली प्रत डिस्कवर भरून गाडीने न्या आणि नंतर रोजचे बदल तेवढे तारेवरून पाठवा. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर फक्त बदललेले तुकडे पाठवत असल्याने हे सहज जमते. हार्ड डिस्कवर तो जुने तुकडे साफ करताना फार रेंगाळतो. त्यासाठी दोन लहान एसएसडीचा आरसा करून त्याच्या नोंदसूचीला द्यावा, आणि तो आरसाच असावा, कारण ती सूची गेली तर सारा साठा जातो.

हे सदर वाचणाऱ्या इतरांची परिस्थिती वेगळी असू शकते. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी कोणी असाच संच उभारत असेल, तर तुमचा मूळ बेतच योग्य ठरेल: तीन वापरलेले सर्व्हर, सेफ, आणि विद्यार्थ्यांना डिस्क ओढून काढायची परवानगी. तिथे बिघाड हाच अभ्यास असतो. ज्यांचा साठा २० टीबीच्या पुढे गेला आहे, दरवर्षी वाढतो आहे आणि विभागात दोन-तीन जाणती माणसे आहेत, त्यांनी सेफच घ्यावे, पण किमान चार सर्व्हर आणि २५ गिगाबिटपासून सुरुवात करावी. घरी शिकण्यासाठी उभारणाऱ्याला तीन लहान पेटी-संगणक पुरतात, मात्र त्यावर घरातील फोटोंची एकमेव प्रत ठेवू नये.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी बॅकअप सर्व्हर घ्या आणि सध्याच्या मशीनचा बॅकअप त्यावर आजच सुरू करा. व्हीएमवेअरवरून स्थलांतर करताना काही चुकले तर तोच तुमचा आधार असेल. मग दोन सर्व्हर. ते आल्यावर लगेच कामाला लावू नका, महिनाभर दोन बिनमहत्त्वाची मशीन त्यांवर चालवा. एखाद्या रविवारी, कारखाना बंद असताना, चालू सर्व्हरची वीज सरळ काढा आणि घड्याळ लावून बसा. त्यानंतर त्यांच्यातील केबल काढून पाहा, एक डिस्क ओढून पाहा, आणि शेवटी एक संपूर्ण मशीन बॅकअपमधून नव्याने उभे करा. प्रत्येक प्रयोगाला किती मिनिटे लागली आणि तुम्ही काय काय केलेत, हे मराठीत पायरीपायरीने लिहून त्याची छापील प्रत रॅकच्या दारावर लावा. पुढचा प्रयोग लेखा विभागातील किंवा देखभाल विभागातील एखाद्या सहकाऱ्याकडून, तो कागद वाचून आणि तुम्ही बाजूला उभे राहून, करून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे कागद दुरुस्त करा.

मालकांना भेटताना हीच मिनिटे त्यांच्यापुढे ठेवा. पाच वर्षे काहीच मागणार नाही, असे वचन मात्र देऊ नका. यूपीएसच्या बॅटरी तीनेक वर्षांत बदलाव्या लागतील आणि एखादी डिस्कही लागेल. ती रक्कम आजच्या मंजुरीतच वेगळी काढून मागा. विभागांकडून आलेले आकडे वहीत भरून झाले की मला पुन्हा लिहा. ईआरपीच्या डेटाबेससमोर एक मिनिटापेक्षा कमी आकडा आला असेल, तर त्याच्या प्रतिकृतीची मांडणी आपण स्वतंत्रपणे पाहू.